खेळात शिरायचं कसं

तिचं खरं नाव नोकरीच्या कागदांवर होतं, पण दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर त्या नावाने तिला कोणी हाक मारत नसे. मुलं तिला परतबाई म्हणत. एखाद्या मुलाने दारातून आत यायचं, समोरच्याकडे बघायचं, 'काय करतोयस?' असं विचारायचं, एवढा सगळा प्रयोग पार पडला की ती खुर्चीत पुढे सरकून म्हणायची, "छान. परत." मूल बिचारं बाहेर जायचं आणि पुन्हा आत यायचं. "मघापेक्षा बरं. आता परत." घरी तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि बायकोची थट्टा करायचा, दोन्ही सारख्याच निगुतीने. चहात साखर कमी पडली की तो कप तिच्याकडे सरकवून म्हणे, "छान. परत."

तो मुलांच्या मनाच्या आजारांचा दवाखाना होता आणि परतबाईचं काम होतं तिथल्या मुलांना चारचौघांत वागायला शिकवण्याचं. बोलणं कसं सुरू करायचं, आपली पाळी येईपर्यंत कसं थांबायचं, कोणी चिडवलं तर काय करायचं, राग आला तर तो कुठे ठेवायचा. हे ऐकून तिची नणंद नेहमी म्हणायची, "अगंबाई, हे काय शिकवायचं असतं? आम्हाला कुणी शिकवलं?" नणंदेला खरंच कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिच्याशी पाच मिनिटं बोललं की ते कुणाच्याही लक्षात यायचं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ज्या आईबापांचं मूल वाढदिवसाला कुणाच्या घरी कधी बोलावलं गेलेलं नसतं, ते असले प्रश्न विचारत नाहीत. ते मुकाट्याने दोन जिने चढून येतात.

खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. पूर्वी तिथे पलंगांच्या चादरी ठेवत, त्यामुळे बंद दाराला अजून साबणाचा वास यायचा. सहा ठेंगण्या खुर्च्या, भिंतीवर एक मोठा आरसा, तारे चिकटवायचा फळा, आणि एक खिडकी. खिडकीला जाड पडदा. तो पडदा पहिल्या आठवड्यात ओढला गेला तो तसाच राहिला, कारण खिडकीखाली शेजारच्या वसाहतीचं अंगण होतं, दुपारी तिथे पोरं खेळायची, आणि परतबाईचा पहिलाच विद्यार्थी तासभर काचेला नाक लावून उभा राहिला होता. तेव्हापासून नियम झाला: धड्याच्या वेळी पडदा बंद.

येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या फाइलवर एकेक निदान असे. कुणाला अतिचंचलता, कुणाला चिंतेचा विकार, कुणाला स्वमग्नता. परतबाई फाइल नीट वाचायची, पण खोलीत आणायची नाही. तिचं म्हणणं असं की मुलाबरोबर आत फक्त त्याचे बूट यावेत, आणि तेही पुसून.

ती स्वतः पूर्वी याच दवाखान्याच्या खालच्या खिडकीवर बसून लोकांना वेळा देण्याचं काम करायची. बोलण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. रांगेतल्या अनोळखी माणसाकडून त्याच्या सासूच्या गुडघ्याचा इतिहास ती दोन मिनिटांत काढून घ्यायची. समोरच्या बाकांवर मात्र मुलं बसलेली असत, एकमेकांपासून एकेक जागा सोडून, आणि त्यांच्यातलं एकही दुसऱ्याशी बोलत नसे. ते बघून बघून तिचा जीव वरखाली व्हायचा. मुलगा हाताशी आल्यावर, चाळिशी उलटल्यावर, तिने रीतसर शिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि डॉक्टरांकडून ही चादरींची खोली मागून घेतली. जिला बोलणं फुकटात मिळालं होतं, ती आता ते इतरांना धडे पाडून शिकवू लागली. शिकवायचीही छान. फळा ताऱ्यांनी भरून जायचा. आणि इथेच सगळी मेख होती, पण ती कळायला वकील यावी लागली.

वकील म्हणजे अकरा वर्षांची एक मुलगी. दोन वेण्या, एक कायम सुटलेली. पहिल्या दिवशी आल्या आल्या तिने विचारलं होतं की खुर्च्या सहा आणि मुलं चार, तर उरलेल्या दोन कुणाच्या, आणि कुणाच्याच नसतील तर आपण पाय का ठेवायचे नाहीत. तिचा बाप गाडी चालवायला शिकवायचा. हलक्या आवाजाचा, सावकाश बोलणारा माणूस; नवख्यांच्या शेजारी बसून त्याला तशी सवय लागली असावी. त्याने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

"बाई, ही तिची तिसरी शाळा आहे. मधल्या सुट्टीत भांडते. कुणी खेळात लबाडी केली की हिला सोसवत नाही. आधी बोलते, मग ओरडते, मग हात उचलते. आता मुख्याध्यापिका तिला सुट्टीत स्वतःच्या दारासमोर बाकावर बसवतात. महिनाभर बसतेय. ही शाळा पण गेली तर चौथी कुठली बघू, तुम्हीच सांगा."

फाइलवर अतिचंचलता होती आणि चिंताही होती. डॉक्टरांच्या औषधाने तिला झोप लागायला लागली होती, वर्गात बसवतही होतं. पण नुसत्या शांत बसलेल्या मुलीला कोणी खेळायला बोलवत नाही. त्यावरचं औषध बाटलीत मिळत नव्हतं.

गटात आणखी तिघं होती, त्यांतली दोघं या गोष्टीत येतात. एक लिफ्टवाला. त्याला शहरातल्या यच्चयावत लिफ्टची माहिती होती आणि ती ऐकून घेणारं माणूस तो आयुष्यभर शोधत होता. दुसरी कुजबुज. ही घरात मोठ्याने गायची म्हणे, पण घराबाहेर तिचा आवाज कुजबुजीच्या वर चढत नसे. ही नावं मुलांनीच एकमेकांना दिली होती, तीही धड्यात, मतदान घेऊन. वकिलाने आपल्या नावाला आधी हरकत घेतली, आणि हरकत इतकी मुद्देसूद घेतली की नाव पक्कं झालं.

परतबाईने तिला पाचवा धडा शिकवला: चालू खेळात सामील कसं व्हायचं. धड्यांच्या पुस्तकात वाक्य होतं. जवळ जा, हसा, आणि विचारा, 'मी तुमच्यात खेळू का?' वकिलाने ते वाक्य घटवलं. आरशासमोर, कुजबुजीसमोर, लिफ्टवाल्यासमोर. सुरुवातीला ती ते धमकीसारखं म्हणायची. मग हळूहळू आवाज उतरला, खांदे उतरले, ओठांवर हसू आलं. "छान. परत." शेवटी इतकं सुरेख जमलं की परतबाईने एकदम दोन तारे लावले आणि मुख्याध्यापिकेला फोन करून सांगितलं, उद्या तिला मैदानात सोडून बघा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप एकटाच आला. खुर्ची ठेंगणी होती, तरी त्याच खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसला.

"गेली मैदानात," तो म्हणाला. "मुली दोरावरच्या उड्या खेळत होत्या. हिने हसून विचारलं, मी तुमच्यात खेळू का. त्या म्हणाल्या, नको."

"मग?"

"मग हिने परत विचारलं."

परतबाईने फळ्यावरच्या त्या दोन ताऱ्यांकडे बघितलं.

"तसंच हसून. त्या परत नको म्हणाल्या. हिने परत विचारलं. बाई, सुट्टी संपेपर्यंत ती तेच वाक्य म्हणत होती. त्यांच्यातल्या एकीने मग नक्कल केली. तसंच मान वाकडी करून, तसंच हसून. बाकीच्या हसल्या. हिने डबा मारला. त्या पोरीचा ओठ फुटला."

हसावं की रडावं असा प्रसंग कधीकधी येतो. हा नुसता रडण्याचा होता. मुख्याध्यापिकेने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. मधल्या सुट्टीत आणखी एक मारामारी झाली तर मुलीसाठी दुसरी शाळा बघा, असं तिने स्वच्छ सांगितलं. ती वाईट बाई नव्हती. तिच्यासमोर फुटक्या ओठाच्या मुलीची आई बसली होती.

त्या रात्री परतबाई जेवली नाही. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "अहो, मी तिला बरोबर शिकवलं होतं." आणि मग थोड्या वेळाने, "शिकवलं होतं ना?" नवऱ्याने थट्टा केली नाही.

पुढच्या धड्याला वकील आली, पण दप्तर मांडीवर घेऊन बसली आणि उठेना. "मी तुम्ही सांगितलं तसंच केलं," ती म्हणाली. "शब्द न् शब्द. मी चुकले नाही. तुम्ही चुकलात."

हे ती ओरडून म्हणाली असती तर परतबाईला उत्तर देता आलं असतं. राग आला तर काय करायचं याचा एक अख्खा धडा होता. पण ती हे अगदी शांतपणे म्हणाली.

परतबाईने इतरांकडे वळून विचारलं, "हे वाक्य तुम्ही बाहेर म्हणून पाहिलंत ना? फळ्यावर सगळ्यांचे तारे आहेत."

"मी म्हटलं," लिफ्टवाला म्हणाला. "ते नको म्हणाले."

"नको म्हणाले? मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं, वाक्य म्हटलंस का. मी म्हटलं होतं." त्याने फळ्याकडे बोट केलं. "तो तारा त्याचाच."

चौथ्या मुलालाही नको म्हणाले होते. कुजबुजीचं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नव्हतं. परतबाई फळ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं चिकटवलेले ते सगळे तारे वाक्य म्हणण्याचे होते. खेळायला मिळण्याचा एकही नव्हता. हे तिने कधी विचारलंच नव्हतं, आणि ही मुलं अशी की जेवढं विचारलं तेवढंच सांगतात.

खोलीत कुणी बोलेना, तसा खालच्या अंगणातला गलका वर ऐकू यायला लागला. चेंडू भिंतीवर आपटत होता, कुणीतरी कुणाला तरी मूर्ख म्हणत होतं, आणि तो मूर्ख हसत होता. तेव्हा कुजबुज काहीतरी म्हणाली. नेहमीप्रमाणे कुणाला ऐकू गेलं नाही. परतबाई वाकली. "काय म्हणालीस, बाळ?"

कुजबुजीने पडद्याकडे बघितलं. "त्यांना कोण शिकवतं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. परतबाई उठली आणि तिने पडदा सरकवला. त्यातून इतकी धूळ पडली की लिफ्टवाला सलग शिंकत सुटला.

चौघं काचेला चिकटली, पाचवी ती. "आता असं करायचं," ती म्हणाली. "बोलायचं नाही, हसायचं नाही, काही शिकायचं नाही. फक्त बघायचं. खेळ चालू असताना नवीन कुणी आलं की तो आत कसा शिरतो ते मला सांगायचं. मला माहीत नाही. मला कधी विचारावं लागलं नाही, म्हणून मी पुस्तकातून शिकवलं. ते चुकलं."

मोठ्या माणसाने चूक कबूल केली की मुलांना जी ऊब चढते ती हिवाळ्यातल्या शेकोटीने चढत नाही. वकिलाने दप्तर मांडीवरून खाली ठेवलं.

पुढचे काही धडे असे खिडकीतच झाले. एकदा डॉक्टर दारातून डोकावले. पाच पाठी आणि एक उघडा पडदा बघून त्यांनी भुवया उंचावल्या. परतबाईने हळू आवाजात सांगितलं, काय चाललंय ते. डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाले, "मला लहानपणी कुणी घ्यायचं नाही. मी सगळ्यांची दप्तरं सांभाळायचो. मग एक दिवस एक जण कमी पडला." एवढं बोलून ते पुढच्या रुग्णाकडे गेले. वकिलाने त्यांची साक्ष नोंदवून घेतली, म्हणजे मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवली.

शेवटी निकाल द्यायला तीच उभी राहिली. पाठीमागे हात बांधून, एक वेणी सुटलेली.

"एक. कुणीच विचारत नाही. मी खेळू का, असं एकदाही कुणी विचारलं नाही. मग आम्हालाच का विचारायला लावलं, हा प्रश्न मी नंतर घेईन. दोन. आधी सगळे बाजूला उभे राहून बघतात. बराच वेळ. तीन. चेंडू लांब गेला की जो बाजूला उभा असतो तो आणून देतो. चेंडू देतो आणि जात नाही. तिथेच राहतो. मग तो खेळात असतो. कधी आला ते कुणाला कळत पण नाही."

"लिफ्टसारखंच आहे," लिफ्टवाला म्हणाला.

एरवी परतबाईने त्याला विषयावर आणलं असतं. लिफ्ट हा विषय सोडून बोलायचा तिसरा धडा खास त्याच्यासाठी होता. पण त्या दिवशी ती म्हणाली, "कसं काय?"

"लिफ्टमध्ये शिरताना कुणी परवानगी मागतं का? दार उघडं आहे का बघतात, जागा आहे का बघतात, आणि शिरतात. शिरल्यावर सगळ्यांची तोंडं जिकडे असतात तिकडेच तोंड करतात. उलटं उभं राहिलं तर लोकांना भीती वाटते." तो जरा थांबला. "आणि भरलेली असली तर पुढच्या लिफ्टची वाट बघतात. रडत नाहीत. दार बडवत नाहीत."

खोलीतल्या पाचही जणांना ते पटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं लिफ्टबद्दलचं बोलणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं होतं, आणि कुजबुजीने तर हात वर करून पुढची माहिती विचारली. परतबाईने पाचवा धडा त्याच दिवशी फाडून टाकला. उंटावरून शेळ्या हाकायचे दिवस संपले, असं ती नवऱ्याला म्हणाली.

आता खोलीत खरा दोर आला. परतबाई आणि कुजबुज दोन टोकं धरायच्या, लिफ्टवाला उड्या मारायचा, म्हणजे अडखळायचा, आणि वकील भिंतीशी उभी राहून बघायची. दोराच्या खेळातली एक गोष्ट तिनेच खिडकीतून हेरली होती: उड्या सगळ्यांना मारायच्या असतात, दोर फिरवायला कुणालाच नको असतो. फिरवणाऱ्या मुली कंटाळून दुसरी कुणी मिळते का ते बघत असतात. तिथे जागा होती. दोराचं टोक हातात घ्यायला कुणी नको म्हणणार नव्हतं.

अवघड होतं ते पुढचं. लिफ्टवाल्याचा पाय दोराला लागला आणि तो म्हणाला, "नाही लागला," की वकिलाचे कान लाल व्हायचे. "लागला. मी बघितलं. तू आउट आहेस. खोटं बोलतोयस." हा खोलीतला खेळ होता, आणि तो मुद्दाम खोटं बोलत होता, परतबाईने सांगितलं म्हणून, तरीही.

"चूक दिसली की माझ्या पोटात दुखतं," ती म्हणाली. "बोलले की थांबतं."

परतबाईने नियमांचा पाढा वाचला नाही. या मुलीला उपदेश म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तिला एव्हाना कळलं होतं. युक्तिवाद मात्र तिला मान्य असे.

"न्यायाधीश रस्त्याने चाललाय," ती म्हणाली, "आणि दोन माणसं भांडतायत. तो तिथेच उभा राहून निकाल देतो का?"

वकील विचारात पडली. "नाही."

"का नाही? त्याला तर कायदा येतो."

"खटला त्याच्याकडे आलेला नसतो."

"मग?"

कुजबुजीने दोर खाली ठेवला, तिचा हात दुखायला लागला होता.

"मग मला कुणी विचारलं तरच," वकील म्हणाली. "नाहीतर पोटात दुखू द्यायचं."

"दुखू द्यायचं. दोर फिरवत राहायचं. हात चालू असला की जरा कमी दुखतं."

हे तिने पुस्तकातून नाही, स्वतःच्या अनुभवातून सांगितलं. नणंद घरी आली की ती भांडी घासायला घ्यायची.

महिना संपत आला. वकिलाने बापाला आणि परतबाईला बजावलं होतं की तुम्ही कुणी शाळेकडे फिरकायचं नाही. दोघांनी मान डोलावली. आणि ती पुन्हा खेळायला जाणार होती त्या दिवशी मधल्या सुट्टीच्या वेळेला मैदानाच्या जाळीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, बापाची शिकाऊ गाडी उभी होती. बाप चालकाच्या जागेवर, परतबाई शेजारी. एवढी वयाने आणि अनुभवाने मोठी माणसं, पण डोकी खाली करून अशी बसली होती की जाणाऱ्या पोस्टमनने दोनदा वळून बघितलं.

घंटा झाली. मुलं बाहेर सांडली. सगळ्यात शेवटी वकील आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मुली दोर घेऊन आल्या, टोकं कुणी धरायची यावर भांडल्या, मग खेळ सुरू झाला. वकील बघत होती. खेळ कितीतरी वेळ चालला आणि ती नुसती बघत होती.

"जात का नाही?" बाप कुजबुजला.

"बघू दे तिला. जागा झाली नाही अजून."

मग दोर फिरवणाऱ्या एका मुलीने हात झटकला, मनगट चोळलं. वकील भिंतीपासून निघाली. धावली नाही. हसलीही नाही. ती त्या मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, खेळाकडे तोंड करून, आणि तिने हात पुढे केला. मुलीने तिच्याकडे बघितलं, दोराकडे बघितलं, आणि टोक तिच्या हातात देऊन स्वतः उड्या मारायला पळाली. दोर फिरायला लागला. एक शब्द झाला नव्हता.

बापाने श्वास सोडला. परतबाईने सोडला नाही, कारण उडी मारायला आता तीच पुढे आली होती, नक्कल करणारी, ओठावर अजून खपलीची खूण असलेली. तिने चार उड्या चांगल्या मारल्या. पाचव्या उडीला दोर तिच्या टाचेला लागून थबकला. ती हातवारे करायला लागली. गाडीत काही ऐकू येत नव्हतं, पण लागला नाही, असंच ती म्हणत होती, ते जगातल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं. मुलींचे दोन तट पडले. वकील गप्प. दोराचं टोक तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि तिचे कान इतक्या लांबूनही लाल दिसत होते.

आणि मग सगळ्या जणी तिच्याकडे वळल्या. दोर तिच्या हातात होता. लागला की नाही, ते तिलाच सगळ्यात नीट कळणार. खटला आपल्या पायांनी चालत आला होता.

वकील काहीतरी म्हणाली. छोटंसं, एखाददुसरा शब्द. नक्कल करणारी चवताळली आणि तिच्या अगदी तोंडापुढे येऊन ओरडायला लागली. बापाचा हात गाडीच्या दाराकडे गेला. परतबाईचा उजवा पाय शिकवणाऱ्यासाठी पायाशी बसवलेल्या पट्टीवर इतक्या जोरात पडला की गाडीचे मागचे दिवे लागले.

"बाई," बाप म्हणाला, "तो गाडीचा ब्रेक आहे."

तिकडे वकिलाची मूठ उचलली गेली नाही. तिने एक पाऊल मागे घेतलं. मग दोर फिरवायला सुरुवात केली. दुसऱ्या टोकाच्या मुलीला आधी काही समजलं नाही, मग तिनेही हात फिरवला. रिकामा दोर जमिनीवर आपटत राहिला, पुन्हा पुन्हा, आणि कुणीतरी त्यात उडी घेतली, कारण फिरता दोर समोर असताना फार वेळ भांडण होत नाही. खपलीवाली थोडा वेळ पाठ फिरवून उभी होती. मग तीही रांगेत लागली. आणि सुट्टी संपायच्या जरा आधी तिने वकिलाच्या हातातलं टोक ओढून घेतलं आणि मान उडवून दोराकडे इशारा केला. जा, तुझी पाळी.

वकिलाला उड्या फारशा येत नव्हत्या. तिसऱ्याच उडीला अडखळली. सगळ्या हसल्या आणि तिने स्वतःच हात वर करून सांगितलं, आउट. गाडीत तिचा बाप स्टीअरिंगवर डोकं टेकवून रडत होता. परतबाईने त्याला रडू दिलं. तिचे स्वतःचे डोळे कोरडे होते असं मुळीच नाही.

महिनाअखेर मात्र अजून तीन दिवसांवर होती, आणि एका सुट्टीने शाळा वाचत नाही हे तिला ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी दुपारी ती खोलीत खुर्च्या लावत असताना फोन वाजला. बापाचा होता आणि त्याचा आवाज नेहमीसारखा सावकाश नव्हता.

"बाई, शाळेतून तक्रार आलीय."

परतबाई ठेंगण्या खुर्चीत बसली. "मारलं?"

"नाही."

"मग काय केलं तिने?"

"मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि त्या वर्गात गेल्याच नाहीत. दोर खेळत बसल्या. शिक्षक बोलवायला गेले तर म्हणे, एवढा डाव होऊ दे."

"त्या म्हणजे?"

"पाच जणी, बाई." त्याचा आवाज फाटला. "पाच जणींची तक्रार आहे. पाचही घरी फोन गेलेत. त्यात आपली एक."

बोलण्यात जिचा हात कुणी धरला नसता, ती बाई फोन कानाला लावून नुसती बसून राहिली.

"मुख्याध्यापिका काय म्हणाल्या?" तिने शेवटी विचारलं. "शाळेचं काय?"

"मी तेच विचारलं. म्हटलं, आज मुदत संपते, तिला ठेवणार की नाही तेवढं सांगा. तर माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, अहो, पाचही जणींना पुढचा आठवडाभर फळा पुसायची शिक्षा केलीय. ठेवणार नसते तर शिक्षा कुणाला केली असती?"